रनिंग रूममध्ये झोप, क्वार्टरमध्ये भट्टी!



होळी पेटली की वर्तमानपत्रांतून उन्हाळ्याचे सल्ले सुरू होतात. कैरीचे पन्हे प्या, ताकात जिरे घाला, सुती कपडे वापरा, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका. सल्ला वाईट नाही. पण तो लिहिणाऱ्याने भर दुपारी रुळावर काम करणारा ट्रॅकमन पाहिलेला नाही आणि टपालाची पिशवी घेऊन बीटवर फिरणारा पोस्टमनही पाहिलेला नाही. आम्ही बारा ते चार घराबाहेरच असतो. आमचा प्रश्न त्यानंतरचा आहे. दिवसभर भाजून आलेले शरीर ज्या घरात निवायचे, ते घरच मध्यरात्रीपर्यंत तापलेले असेल तर माणसाने जायचे कुठे? आणि नाइट ड्युटी करून सकाळी परतणारा पॉइंट्समन, गेटमन किंवा आर.एम.एस.मधला बांधव, त्याची तर झोपेची वेळच मुळी भर दुपारची!

भुसावळ, अकोला, वर्धा, बल्लारशा येथे किंवा बदलीवर इटारसी, झाशी, रतलाम येथे ज्यांनी टाईप वन, टाईप टू क्वार्टरमध्ये वरच्या मजल्यावर उन्हाळे काढले, त्यांना हे समजावून सांगायला नको. साहेब लोकांना मात्र समजावून सांगावे लागते, कारण ते म्हणतात, "ऊन काय प्रशासनाने पाडले?" नाही साहेब, ऊन सूर्याने पाडले, पण स्लॅब सूर्याने घातलेला नाही. सिमेंट काँक्रीटचा उघडा, काळवंडलेला स्लॅब दिवसभर ऊन पितो. ती उष्णता हळूहळू खाली उतरते आणि काही तासांनी खोलीत पोचते. म्हणून बाहेर संध्याकाळी वारा सुटलेला असतो आणि आत आठ-दहा वाजता छत ऊब फेकत असते. पंखा लावला तर तो छतालगतची तीच गरम हवा डोक्यावर ढकलतो. गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालणाऱ्या आमच्या मायबहिणींना विचारा, स्लॅबवर अनवाणी पाय ठेवता येतो का ते. त्याच स्लॅबच्या खाली त्या गॅसपुढे उभ्या राहून पहाटे चारला डबा करतात आणि रात्री पुन्हा भाकऱ्या थापतात. त्यांच्या उन्हाळ्याची नोंद कोणत्याच रजिस्टरात नाही.

घर थंड कसे राखावे हे रेल्वेला ठाऊक नव्हते असे नाही. इंग्रजांच्या काळातले अधिकाऱ्यांचे बंगले आजही अनेक जंक्शनांवर उभे आहेत. उंच छत, वर कौले, चारी बाजूंनी व्हरांडा, छताजवळ झरोके, अंगणात कडुनिंब. दारा-खिडक्यांना वाळ्याचे तट्टे लावून त्यांवर पाणी मारायला माणूस, पंखा ओढायला दुसरा माणूस. १९३४ साली फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला तोही साहेबासाठीच. विद्या सगळी होती, फक्त ती वर्ग पाहून वापरली गेली. स्वातंत्र्यानंतर आम्हाला पक्की घरे मिळाली, ती लढून मिळाली आणि त्याचा अभिमान आहे. पण पक्के घर म्हणजे बुटके छत, अरुंद छज्जा आणि रंगाने चिकटून बसलेला व्हेंटिलेटर, असे कुठल्या नियमात लिहिले आहे?

आता मुद्द्याचे. लोको पायलट मंडळींनी वर्षानुवर्षे मागणी केली आणि रनिंग रूम वातानुकूलित झाल्या. देशातील साडेपाचशेहून अधिक रनिंग रूम अशा केल्याचे रेल्वेमंत्र्यांनी २०२४ साली सांगितले. चांगले झाले. म्हणजे प्रशासनाने एक गोष्ट मान्य केली की गाडी चालवणाऱ्याची झोप हा सुरक्षेचा विषय आहे. मग आमचा साधा सवाल आहे. तोच लोको पायलट मुख्यालयाची विश्रांती कुठे घेतो? घरी! रनिंग रूममध्ये घेतलेली झोप म्हणजे सुरक्षा आणि क्वार्टरमध्ये घेतलेली झोप म्हणजे चैन, हा कोणता हिशेब? ज्यांना रनिंग रूमच नाही त्या पॉइंट्समनचे, गेटमनचे, रात्री रूळ तपासत पायी फिरणाऱ्या पेट्रोलमनचे काय? रेल्वे कायदा १९८९ आणि त्याखालचे २००५ चे कामाचे तास व विश्रांतीचे नियम विश्रांतीचे तास मोजून देतात. त्या तासांत डोळ्याला डोळा लागतो की नाही, हे कोणी मोजत नाही.

"मग एसी घ्या ना," असे आपलेच काही तरुण भाऊ म्हणतात. एसीला आमचा विरोध नाही. घरात म्हातारी आई आहे, आजारी माणूस आहे, तान्हे मूल आहे, तर जरूर घ्यावा. पण पतपेढीचे कर्ज काढून, हप्ते भरून तापलेल्या स्लॅबखाली एसी लावणे म्हणजे प्रशासनाची भट्टी आपल्या विजेच्या बिलाने विझवणे आहे. दीड टनाचे यंत्र पूर्ण जोरात चालले की तासाला दीड युनिटच्या आसपास वीज खाते; साधा पंखा तेवढ्या विजेत वीस तास फिरतो. शिवाय यंत्राची गरम हवा जाते कुठे? शेजारच्या गॅलरीत, जिथे एसी न परवडणाऱ्या खलाशाचे कुटुंब बसलेले असते. असे एकेकट्याने सुटण्याचे मार्ग कामगाराला महागच पडतात.

स्वस्त मार्ग आहे, आणि तो छतावर आहे. चुना! कळीचा चुना विरवून, गाळून, त्यात डिंक किंवा फेविकॉल मिसळून झाडलेल्या स्लॅबवर दोन हात मारले की उन्हाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग तो परत फेकतो. काळा पडलेला स्लॅब जवळजवळ तेवढाच पिऊन घेतो. खालच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडल्याचे अनुभव आहेत. पावसात चुना धुऊन जातो, धुळीने मळतो, म्हणून दरवर्षी गुढीपाडव्याच्या आत पुन्हा मारावा लागतो. एवढीच त्याची खोट.

हे आम्ही मनाने सांगत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४७ अंशांजवळ गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त मेली. त्यानंतर २०१३ साली त्या महापालिकेने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छताचे धोरणच जाहीर केले आणि सरकारी इमारतींना ते सक्तीचे केले. मग रेल्वेचे क्वार्टर सरकारी नाहीत काय?

एका विभागातील बैठकीत हा विषय आम्ही मांडला तेव्हा उत्तर मिळाले, "निधीची तरतूद नाही." त्याच महिन्यात वरिष्ठ साहेबांच्या पाहणीसाठी प्लॅटफॉर्मच्या कडेची झाडांची खोडे गेरू-चुन्याने रंगवली गेली. झाडाच्या खोडाला चुना आहे, माणसाच्या डोक्यावरच्या छताला नाही!

तरतुदीचा हिशेब आम्हीच मांडून देतो. क्वार्टरमध्ये राहणाऱ्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. जानेवारी २०२४ पासून झेड वर्गाच्या गावात हा भत्ता मूळ वेतनाच्या १० टक्के झाला. मूळ वेतन २५,००० असेल तर महिन्याला २,५००, वर्षाला ३०,००० रुपये कामगार सोडतो, वर लायसेन्स फी कापून घेतली जाते. वरच्या मजल्यावरची दोन घरे धरली तरी वर्षाला साठ हजार झाले. एका ब्लॉकच्या स्लॅबला लागणारा चुना आणि दोन माणसांची मजुरी त्यातून निघत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने हिशेब आमच्या कारकून भावाकडून तपासून घ्यावा.

टपाल खात्यातल्या बांधवांची गोष्ट थोडी वेगळी. सरकारी क्वार्टर थोड्यांनाच मिळतात. बाकीचे भाड्याच्या खोलीत, पुष्कळदा पत्र्याखाली. पत्रा लवकर तापतो, पण लवकर निवतोही. म्हणून पत्र्याखालच्या घरात खरी आणीबाणी दुपारची. पत्र्याला वरून पांढरा रंग आणि खालून बांबूची चटई किंवा कापडाचे छत, मध्ये वीतभर जागा हवा खेळायला, एवढ्याने बराच फरक पडतो. वायर, बल्ब मात्र त्या छतापासून लांब ठेवा. घरमालक पैसे देणार नाही, पण रंग मारायला तो सहसा हरकतही घेत नाही.

जोवर प्रशासन हलत नाही तोवर घरात काय करावे, तेही सांगतो. सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद करा, बाहेर गारवा आला की सताड उघडा. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून नव्हे, बाहेरून हवा, गोणपाट चालेल. ऊन काचेतून आत आले की पडद्याचा फारसा उपयोग नाही. खानदेश-विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलरसारखा मित्र नाही, पण कूलर लावून खोली बंद करू नका. आलेली हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर नुसती दमट कोंडी होते. कल्याण-डोंबिवलीच्या दमट हवेत मात्र कूलरवर पैसे घालवू नका; तिथे समोरासमोरच्या खिडक्या आणि पंखा हाच उपाय. खोलीतला पारा ४० च्या वर असेल तर नुसता पंखा अंगावर गरम हवाच मारतो. कोरड्या हवेत अंग ओल्या फडक्याने पुसून मग पंख्याखाली बसा. पाणी असेल तर संध्याकाळी गच्चीवर मारा. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या कॉलनीत हा सल्ला देण्याची आमची हिंमत नाही.

आणि कूलरचे अर्थिंग तपासा. लोखंडी कूलरला ओल्या हाताने हात लावून माणसे गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. पाणी भरताना प्लग काढा, नुसते बटण बंद करून भागत नाही. आठवड्यातून एकदा टाकी कोरडी करून घासा, नाहीतर ऊन टळेल आणि डेंग्यू येईल.

शाखा पदाधिकाऱ्यांना सूचना : येत्या पी.एन.एम.साठी हा विषय लेखी द्यायचा आहे. मागणी नेमकी लिहा. सर्व स्लॅबच्या क्वार्टरांच्या छताला दरवर्षी मार्चच्या आत चुना, बंद पडलेल्या व्हेंटिलेटरची दुरुस्ती, पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा, आणि नव्या ब्लॉकच्या नकाशातच उष्णतारोधक छत. कॉलनी केअर कमिटीत आपला माणूस असेल तर त्याने आय.ओ.डब्ल्यू.च्या तक्रार वहीत तारखेसह नोंद करून क्रमांक घ्यावा. तोंडी सांगितलेले हवेत जाते.

सोबत पुरावा हवा. भिंतीवरचा साधा थर्मामीटर शाखेने एक विकत घ्यावा. प्रत्येक ब्लॉकमध्ये सलग तीन रात्री दहा वाजता वरच्या मजल्यावरचा आणि त्याच ब्लॉकमधल्या तळमजल्याचा आकडा लिहून घ्यावा. क्वार्टर क्रमांक, तारीख, वेळ आणि घरातल्या बाईची सही. तिथे दिवसभर तीच असते, तेव्हा सही तिचीच असावी.