आधी वजन, मग नखे

डिसेंबर लागतो, निफाडचा पारा पाच अंशांखाली घसरल्याच्या बातम्या येतात आणि नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात कुत्र्यामांजरांच्या रांगेत एखादा इग्वानाही दाखल होतो. मालकाची मागणी साधी असते, ‘डॉक्टर, याची नखं तेवढी कापून द्या, सोफ्याची वाट लावली आहे.’ आपण कटर उचलतो, दहा मिनिटांत काम उरकतो, आणि वर्षभरात त्या प्राण्याला नीट पाहण्याची मिळालेली एकुलती एक संधी हातची घालवतो.

या अंकात इग्वानाच्या निगेवर स्वतंत्र लिहिण्याचे कारण हेच. कुत्रा दुखले तर कण्हतो. इग्वाना आजार लपवतो. तो खाणे सोडतो तोवर दुखणे बरेच पुढे गेलेले असते. लसीकरणाच्या निमित्ताने तो वर्षाकाठी आपल्याकडे येत नाही. येतो तो फक्त नखांसाठी किंवा अडकलेल्या कातीसाठी. तेव्हा इग्वानाचे ग्रूमिंग ही सौंदर्यसेवा मानणे आपण थांबवले पाहिजे. ती शारीरिक तपासणीच आहे, आणि तिची सुरुवात वजनकाट्यावर व्हायला हवी. वजन, नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी आणि शेपटीच्या मुळाची जाडी या तीन नोंदी दर भेटीत कागदावर आल्या, तर पुढच्या भेटीत तुलनेला काहीतरी हाताशी राहते.

दुसरी गोष्ट तापमानाची. मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण जंगलांतला हा प्राणी स्वतःची उष्णता निर्माण करत नाही. २१ जानेवारी २०२० रोजी मायामीच्या हवामान कार्यालयाने थंडीने गारठलेले इग्वाना झाडांवरून पडतील, असा इशारा नागरिकांना दिला होता. नाशिकच्या हिवाळ्यातही रात्रीचा पारा दहा अंशांखाली जातो. घरातला इग्वाना झाडावरून पडत नाही, पण त्याचे पचन मंदावते, प्रतिकारशक्ती ढासळते आणि दिलेले प्रतिजैविकही अपेक्षेप्रमाणे काम करत नाही. उन्हे खाण्याच्या जागी ३२ ते ३५ अंश आणि रात्री किमान २२-२४ अंश, हे आकडे मालकाला लिहून द्यावेत. आपल्या स्टीलच्या थंडगार टेबलावरही आधी टॉवेल अंथरावा. गारठलेला इग्वाना शांत आहे असे समजून केलेली तपासणी फसवी असते.

आता नखांविषयी. जनावर टॉवेलमध्ये गुंडाळावे, मागचे पाय शेपटीच्या मुळाशी सैलसर धरावेत. डोळ्यांवर कापसाचे बोळे ठेवून सैल पट्टी बांधली की हृदयाचे ठोके मंदावतात आणि बरेच इग्वाना निपचित राहतात. मात्र ही भूल नव्हे, वेदना होतील असे काही या अवस्थेत करू नये. सुईसारखे टोक तेवढे उडवावे. झाडावर चढणाऱ्या प्राण्याची नखे बोथट केली तर तो कपाटावरून पडून हाड मोडून घेतो. रक्त आलेच तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लोअर दाबून धरावे. शेपूट कधीही पकडू नये. ती तुटते, आणि नवी येते ती गर्द रंगाची, आतून हाडाऐवजी कूर्चेची.

नखे कापताना प्रत्येक बोट हातात येतेच, त्याचा फायदा घ्यावा. इग्वाना सापासारखी सबंध कात टाकत नाही, तुकड्यातुकड्यांनी टाकतो. बोटांवर, शेपटीच्या टोकावर आणि पाठीच्या काट्यांवर जुन्या कातीची वेटोळी राहिली, की ती सुकून आवळतात, रक्तपुरवठा तुटतो आणि बोट काळे पडून गळते. ही कात ओढून काढू नये, तेलही चोळू नये. खांद्यापर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात वीसेक मिनिटे बसवावे आणि मऊ ब्रशने सोडवावी. बहुतेक इग्वाना पाण्यातच विष्ठा करतात, म्हणून त्याचा टब वेगळा हवा. स्वयंपाकघरातले सिंक वापरायचे नाही, हे साल्मोनेलामुळे ठणकावून सांगावे. घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर अधिकच.

काही गोष्टी साफ करायच्याच नसतात. नाकपुडीभोवतीचे पांढरे कण म्हणजे नाकातल्या ग्रंथींनी बाहेर टाकलेले मीठ असते. ते शिंकेवाटे बाहेर पडते, म्हणून शिंका ऐकून सर्दीचे औषध सुरू करण्याचे कारण नाही. नराच्या मांड्यांखालच्या छिद्रांतला मेणासारखा स्रावही नैसर्गिकच. तो पिळून काढू नये.

याच भेटीत खालचा जबडा बोटांनी हलकेच दाबून पाहावा. तो रबरासारखा लवत असेल, मांड्या गुबगुबीत पण कठीण लागत असतील, बोटे थरथरत असतील, तर प्रश्न कॅल्शियमचा आहे. काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी किरण जवळजवळ नसतात, आणि थंडीत गंगापूर रोडवरच्या फ्लॅटांच्या बाल्कन्यांच्या काचा बंदच असतात. सकाळचे थेट ऊन जाळीच्या पिंजऱ्यातून, सावलीचा कोपरा ठेवून मिळाले तर उत्तम. काचेचे टाके उन्हात ठेवू नये. त्यात प्राणी भाजून निघतो. यूव्हीबीची नळी वापरत असतील तर तिचा प्रकाश दिसत असतानाही किरण घटतात. सहा ते बारा महिन्यांत ती बदलावी लागते.

आहारात शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदीची पाने-फुले, घोसाळे, भोपळा चालतो. पालक, चुका, चाकवत, तांदुळजा यांतले ऑक्झलेट कॅल्शियम अडवते. नाशिककरांना खास सांगावे लागते ते द्राक्षाच्या पानांविषयी. पान अन्न म्हणून चांगले, पण ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत डॉर्मेक्स हे रसायन लागते आणि पुढे डावणी-भुरीसाठी फवारण्या चालूच असतात. ओळखीच्या बागायतदाराने मायेने दिलेली पाटीभर पाने ही विषाची परीक्षा ठरू शकते. परसातला, न फवारलेला वेलच विश्वासाचा.

शेवटी कायदा. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्स (CITES) या वन्यजीव-व्यापार कराराच्या यादीतले विदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले; हिरवा इग्वानाही त्यांतलाच. २०२४ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी परिवेश पोर्टलवर मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायची असते आणि जन्म, मृत्यू, हस्तांतरणही कळवायचे असते. आणि टेबलावरचा प्राणी खरोखर इग्वानाच आहे, याची खात्री करावी. कानाखाली मोठा गोल खवला, गळ्याखाली झालर आणि पाठीवर काटे म्हणजे इग्वाना. दुभंगलेली जीभ, झालर नाही, काटे नाहीत, म्हणजे घोरपड. ती पहिल्या अनुसूचीतली आहे. ती पाळणे गुन्हा आहे.

कुत्र्यांच्या पार्लरमध्ये अंघोळ व नेलकटिंगच्या दरपत्रकात इग्वाना एक ओळ म्हणून जोडला जाऊ नये, ही आमची ठाम भूमिका आहे. त्यासाठी आपण मात्र तयार असले पाहिजे. ग्रॅममध्ये मोजणारा काटा, एक तापमापक, एक टॉवेल आणि नोंदीचा कागद एवढेच साहित्य लागते. या महिन्यापासून आपल्या दवाखान्यात एक नियम करा. वजन लिहिल्याशिवाय इग्वानाचे एकही नख कापायचे नाही.