इंदूर-मनमाड : पाठपुरावा करायचा कोणी?

पुण्याला जायचे ठरले की आपल्या घरांत एकच वाद, गाडी की बस? गाडी आधी रतलामला जाते, मग बडोदा, सुरत करीत वसईला पोहोचते. म्हणजे महाराष्ट्रात जायला आधी गुजरात पाहायचा. बसने जावे तर सेंधव्याचा घाट आणि पहाटे धरलेली कंबर.

इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्थानके, २०२८-२९ चे उद्दिष्ट. पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. पण आम्ही बँकेतली माणसे. कर्ज मंजूर होणे आणि पैसा हातात पडणे यात किती टेबले असतात, हे रोज पाहतो.

याच मार्गासाठी ऑगस्ट २०१८ मध्येही करार झाला होता. त्यात दोन्ही राज्यांचा प्रत्येकी १५ टक्के वाटा होता आणि मोठा भार मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे. कारण उघड आहे, पिथमपूरचा माल त्याच बंदरातून परदेशी जायचा. ती योजना कागदावरच राहिली, सहा वर्षांनी नवी मंजुरी घ्यावी लागली. इंदूर-दाहोद मार्गाचे भूमिपूजन तर २००८ चे. तोही दोन राज्यांतला, आणि २०२५ उजाडले तरी पूर्ण नाही!

अडचण पैशाची कमी, धनी नसण्याची जास्त. मार्ग नाशिक, धुळे, बडवानी, खरगोन, धार आणि इंदूर या सहा जिल्ह्यांतून जाणार. इकडची जमीन मिळाली आणि तिकडची अडली, तर रूळ शेतात संपतील. सेंधव्याचा आमदार शिरपूरच्या तहसीलदाराला जाब विचारणार नाही, तिकडे त्याची मते नाहीत. ज्या शेतकऱ्याची जमीन जाते त्याला मात्र सीमा ठाऊक नसते. पलीकडच्या सोयऱ्याला मोबदला आधी मिळाला की तो विचारणारच. म्हणून दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांची एकच संयुक्त समिती हवी आणि भूसंपादनाची प्रगती दर महिन्याला जाहीर व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. (एवढी मुदत आमच्या शाखेत कोणी मागितली, तर मॅनेजर चहा पाजून वाटेला लावतील.) संस्थानाचा पैसा अडकला होता, म्हणून त्या कामाला धनी होता.

आपल्याकडे कोटी नाहीत, पण नातेवाईक दोन्हीकडे आहेत. मंडळाने एकच निवेदन भोपाळला आणि मुंबईला पाठवावे. धुळे, मालेगाव, नाशिक इथल्या आपल्या मंडळींनी तेच आपापल्या आमदार-खासदारांच्या हाती द्यावे. मसुदा आम्ही पुढच्या सभेत ठेवतो. ज्यांची माणसे त्या मार्गावर राहतात, त्यांनी गावांची नावे घेऊन यावे.