फौजी डिस्काउंटची पाटी

देवळाली असो, महू असो, बेळगाव असो की अंबाला, छावणीच्या गेटबाहेरचा बाजार सगळीकडे सारखाच दिसतो. शिंपी, ट्रंकवाला, शाळेच्या गणवेशाचं दुकान, मोबाइल दुरुस्ती, मिठाईवाला. आणि बऱ्याच दुकानांवर तिरंगी रंगातली पाटी: ‘फौजी डिस्काउंट’. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी जवळ आले की या पाट्या वाढतात. पाटी लावणाऱ्याच्या भावनेवर मला शंका घ्यायची नाही. पण धंद्याच्या दृष्टीने ती फारशी कामाची नाही, असं माझं मत आहे.

कारण साधं आहे. भावात कॅन्टीनशी टक्कर देणं गल्लीतल्या दुकानदाराला जमणारं नाही. सीएसडी १९४८ पासून आहे आणि तिथल्या मालावर जीएसटीत निम्मी सवलत मिळते. साबणापासून फ्रिजपर्यंतच्या वस्तू घरात तिथूनच येणार. मग फौजी कुटुंब बाजारात कशासाठी येतं? वेळेवर होणाऱ्या कामासाठी आणि भरवशाच्या माणसासाठी.

दोन-तीन वर्षांनी बदली होते. नव्या गावात उतरलं की आठवड्याभरात मुलांचे नवे गणवेश हवे असतात. प्रत्येक क्वार्टरच्या खिडक्यांचं माप वेगळं, त्यामुळे जुने पडदे बसत नाहीत. ओळखीचं कोणी नसतं. त्यात नवरा फील्डवर आणि वहिनी दोन मुलांना घेऊन एकट्या असतील, तर ‘उद्या येतो’ म्हणून चार दिवस न येणारा मेकॅनिक फार महागात पडतो. त्याच्यासाठी गेटवर पास सांगून ठेवलेला असतो, त्या दिवसभर घरी थांबलेल्या असतात. अशा वेळी दहा टक्के सवलतीचं काय करायचं? आपलं ओळखपत्र घेऊन, सांगितलेल्या वेळी गेटवर हजर होणारा माणूस पूर्ण पैसे घेऊनही परवडतो.

काही दुकानदारांना वाटतं, ही मंडळी आज आहेत, उद्या जाणार, यांच्यासाठी कशाला जीव काढायचा. हा हिशेब चुकतो. कुटुंब जातं, क्वार्टर रिकामं राहत नाही. निघताना दूधवाला आणि कामवालीच्या नंबरांबरोबर शिंप्याचा नंबरही पुढच्या वहिनींच्या हाती जातो. कोणाकडे जाऊ नका, हेही त्याच वेळी सांगितलं जातं. छावणीत याहून मोठी जाहिरात नाही.

आणखी एक गोष्ट. सवलतीसाठी ओळखपत्राची झेरॉक्स मागू नका. कार्ड बघा आणि परत द्या. युनिट कोणतं, साहेब सध्या कुठे आहेत, हे पडद्याचं कापड विकायला कशाला लागतं? आपल्या घरच्यांनीही अशी माहिती देऊ नये. सवलत गेली तरी चालेल.

खरा राग मात्र मला वेगळ्याच जाहिरातीचा येतो. निवृत्ती जवळ आली की ग्रॅच्युइटी आणि पेन्शनच्या एकरकमी पैशाचा वास बाजाराला लागतो. ‘वीर जवानांसाठी खास’ म्हणून प्लॉट, योजना, दामदुप्पट घेऊन लोक दारात येतात. पस्तिशी-चाळिशीतल्या जवानाची ती आयुष्यभराची पुंजी असते. जो आधी सलाम ठोकतो आणि मग फॉर्म पुढे करतो, त्याला दोन दिवस थांबायला सांगा. कागद वकिलाला दाखवा. माल चांगला असेल, तर तो दोन दिवसांनीही चांगलाच असेल.

शेवटी माजी सैनिक बांधवांसाठी. आपल्यातले कितीतरी जण गावी परतून दुकान, गॅरेज, पिठाची गिरणी चालवतात. पाटीवर ‘माजी सैनिक’ लिहायचा आपल्याला हक्क आहे, जरूर लिहा. पण ते वाचून येणारा माणूस वजन पुरं आणि काम वेळेवर होईल, असं धरूनच येतो. युनिटमध्ये सकाळी पाच म्हणजे पाचच होते. गल्ल्यावर बसल्यावरही घड्याळ तेच ठेवा.

जय हिंद.