उपवास देवाचा, अशक्तपणा बाईचा
निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणारी आई नवरात्राचे नऊ दिवस चहा आणि साबुदाण्यावर काढते. बेळगावात कॉलेजला जाणारी लेक गोबी मंचुरीवर दुपार भागवते. दोघींच्या पोटात पिष्ट, तेल, मीठ भरपूर जातं. लोह आणि प्रथिनं फारशी जात नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ४८ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. मार्च २०२४मध्ये राज्य सरकारने मंचुरीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, हे चांगलं झालं. पण बाईच्या ताटात काय कमी आहे, हे घरानेच बघायला हवं. उपवास जरूर करा, पण राजगिरा, शेंगदाणे, खजूर, लिंबू घ्या. खाण्यालगतचा चहा टाळा. आणि गरोदर असाल, तर उपवास नकोच. देव रागावत नाही.