आम्हाला कमी पॉवरची रायफल हवी

आपल्या जिमखान्यात या वर्षी रायफल क्लब निघतोय. वर्गणी जमली, जिमखान्यानेही थोडे पैसे द्यायचं कबूल केलंय, आणि एकच रायफल घेता येणार असेल तर कोणती, यावर मेसमध्ये रोज रात्री पार्लमेंट भरतं. बहुमत कुठे चाललंय ते दिसतंय, म्हणून हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी अधूनमधून हिंदकळतं. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी बघून घ्यावेत.)

बहुमताला हवी आहे ‘पॉवरफुल’ रायफल, वर दुर्बीण लावलेली. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे.

आधी पॉइंट टू-टूचा विषय संपवू. २०२४ मध्ये पॅरिसला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तेव्हापासून आपल्या कोल्हापूर गँगला तीच हवी आहे. भावना समजते. पण तिला परवाना लागतो आणि रीतसर रेंजही लागते. तिची अडीच ग्रॅमची गोळी साधारण ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, म्हणजे १४० ज्यूलच्या आसपास ऊर्जा. मोकळ्यावर सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्या ग्राउंडच्या पलीकडे वस्ती आहे. ज्यांना टू-टू चालवायचीच आहे त्यांनी एनसीसीत जावं, नाहीतर जिल्हा रायफल असोसिएशनमध्ये नाव घालावं. होस्टेलच्या क्लबचं ते काम नाही.

राहिली एअर रायफल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनपेक्षा मोठी नसेल आणि ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात नसेल, तर परवाना लागत नाही. झालं! हे वाचून आपले मेकॅनिकलचे वीर म्हणतात, लिमिट २० आहे ना, मग २० चीच घेऊ. बावीस मार्कांचा पेपर सोडवायला मिळतोय तर वीसचाच का सोडवा, असा एकूण सूर.

आता गणित करा, आपण त्याचसाठी फी भरतो. दहा मीटरच्या मॅच रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर असतो आणि १७५ मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास जातो. ऊर्जा आठ ज्यूल. म्हणजे २००८ मध्ये अभिनव बिंद्राने बीजिंगला ज्या प्रकारात गोल्ड जिंकलं, त्या प्रकाराला कायद्याच्या मर्यादेच्या निम्मीसुद्धा पॉवर लागत नाही. दहा मीटर जायला छर्ऱ्याला ०.०६ सेकंद लागतात, तेवढ्यात तो सतरा मिलिमीटर खाली येतो. पण दर वेळी तेवढाच येतो! साइट एकदा जुळवली की प्रश्न मिटला. वेग किती याला महत्त्व नाही, प्रत्येक शॉटला तो सारखा आहे का याला आहे. जाहिरातीतले ‘हजार फूट प्रतिसेकंद’ तर बहुतेक वेळा हलका छर्रा घालून मोजलेले असतात. त्यावर भाळू नका. आवाजाच्या वेगाजवळ गेलेला छर्रा डगमगतो, ते वेगळंच.

त्यात आपलं बजेट स्प्रिंगवाल्या रायफलीचं. नळी मोडून स्प्रिंग दाबायची, ट्रिगर ओढला की पिस्टन सुटतो, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. या सगळ्यात छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच रायफल मागे येते आणि पिस्टन आपटला की पुढे जाते. स्प्रिंग जितकी जाड, तितका हा धक्का मोठा. दहा मीटरवर एक मिलिमीटरची चूक म्हणजे रायफलच्या एका टोकाला दुसऱ्याच्या मानाने जर्नलच्या एका कागदाइतका सुद्धा फरक नाही. टेन म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. आता सांगा, धक्का हवा की नको? साधी दुर्बीण या दुहेरी धक्क्याने खिळखिळी होते, म्हणून तीही नको. मागे बारीक भोकाची पीप साइट बसवता येईल अशी रायफल घ्या. हवेची टाकी असलेल्या पीसीपीला हा धक्का जवळपास नसतो, पण दोनशे बारपर्यंत हवा भरायचा पंप आणि त्याचं मेंटेनन्स कोण बघणार? आपल्याकडे कूलर दुरुस्त व्हायला दोन सेमिस्टर जातात.

नळी मोडायला लागणारी ताकद हा माझा खरा मुद्दा. जोरदार स्प्रिंग दाबताना मुलांचे दंड दुखतात, मग साठ शॉटची प्रॅक्टिस आम्ही मुली कशी करणार? वर्गणी आमच्याही होस्टेलमधून गेली आहे. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या फायनलमध्ये पोचल्या, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये जागतिक विजेत्या झाल्या, आणि आपल्या क्लबची रायफल फक्त जिमवाल्यांना झेपणारी असावी? दस्त्याची लांबीसुद्धा बघा. दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवून बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आलं पाहिजे. वजन तीन-साडेतीन किलो पुरे. ट्रिगर ओढताना कुठे सुटणार ते हाताला कळलं पाहिजे. आमच्या शाळेत सिस्टर पानं मोजायच्या नाहीत, अक्षर बघायच्या. दुकानात तसं बघा.

वाचलेल्या पैशात सपाट तोंडाचे छर्रे घ्या, पाचशेचे डबे मिळतात. कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं, मार्कांवरून भांडण नको. छर्रा न घालता स्प्रिंग रायफल उडवू नका, पिस्टनला हवेची उशी मिळत नाही आणि तो थेट आपटतो.

रेक्टर सरांची काळजी खोटी नाही. आठ ज्यूल कमी वाटतात, पण डोळा जायला त्याहून खूप कमी पुरतात. छर्रा पोलादावरून उलटून येतो, म्हणून टार्गेटमागे चिंध्या ठासून भरलेला जाड खोका हवा आणि प्रत्येकाच्या डोळ्यावर वर्कशॉपचा चष्मा. छर्रे शिशाचे असतात, मेसमध्ये शिरायच्या आधी हात धुवा. कावळे-कबुतरांवर नेम धरणाऱ्याला त्याच दिवशी क्लबबाहेर काढा. रायफल कुणाच्याही रूमवर जाणार नाही. जिमखान्याच्या कपाटात, एक किल्ली सरांकडे, एक सेक्रेटरीकडे, छर्रे दुसऱ्या कपाटात.

येत्या शनिवारी खरेदीला जाताना आमच्या होस्टेलमधल्या दोघींना बरोबर न्या, नळी मोडून आणि दस्ता खांद्याला लावून बघायला. ओळखपत्र सेक्रेटरीने घ्यायला विसरू नये, दुकानदार मागतो.