वाढवणचा किनारा, हातातला फोन आणि विज्ञानाची उघडी वही

वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. प्रकल्पाचा खर्च ७६,२२० कोटी रुपये, समुद्रातला भराव १,४४८ हेक्टर. बंदर हवं की नको, यावर डहाणू-पालघरमध्ये कित्येक वर्षं वाद चालू आहे. पण दोन्ही बाजूंना लागू होणारा एक साधा प्रश्न आहे: या किनाऱ्यावर आज काय काय जगतंय, याची नोंद कुठे आहे?

मोठ्या प्रकल्पाआधी तज्ज्ञ पाहणी करतात, पण ती ठरावीक दिवसांची असते. किनारा मात्र दर ऋतूत बदलतो. म्हणून जगभरातल्या अनेक जीवशास्त्रज्ञांनी आपली वही सगळ्यांसाठी उघडी केली आहे. विकिपीडियासारखीच पद्धत: नोंद कुणीही घालायची, चूक कुणीही दाखवायची.

मुंबईत काय झालं?

२०१७ मध्ये प्रदीप पाताडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा उपक्रम सुरू केला. ओहोटीला खडकांवर फिरायचं, जे दिसेल त्याचा फोटो काढायचा आणि तो 'आयनॅचरलिस्ट'वर टाकायचा. घाण म्हणून नाक मुरडली जाणारी ही किनारपट्टी. तिथे प्रवाळ, समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस सापडले.

पुढे कोस्टल रोडच्या मार्गात वरळी आणि हाजी अलीचे प्रवाळ आले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, त्यामुळे परवानगी घेऊन २०२० मध्ये ते दुसरीकडे हलवावे लागले. मुद्दा लक्षात घ्या: जीव तिथे आहे हे माहीत असेल, तरच कायदा त्याच्या कामी येतो.

फोटोची 'नोंद' कशी होते?

आयनॅचरलिस्टची सुरुवात २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली. समजा, सरावलीतल्या एखाद्या मुलीने डहाणूच्या किनाऱ्यावर चिंबोरीचा फोटो काढला. अ‍ॅप फोटोसोबत तारीख आणि ठिकाण घेतं, वर नावाचा अंदाजही सुचवतं. तिला नाव माहीत नसेल तर नुसतं 'खेकडा' लिहिलं तरी चालतं.

मग दुसरं कुणी कुळ सांगतं, खेकड्यांचा अभ्यासक नेमकी जात सांगतो. मतभेद झाला तर चर्चा तिथेच, सगळ्यांसमोर होते. जातीच्या नावावर दोन-तृतीयांशांहून जास्त जण सहमत झाले की नोंदीला 'रिसर्च ग्रेड' मिळते. लायसन्स खुलं असेल तर ती 'जीबीआयएफ' या जागतिक साठ्यात जाते आणि कुठल्याही देशातला शास्त्रज्ञ ती वापरू शकतो.

हे फक्त प्राण्यांपुरतं नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 'रॅड अ‍ॅट होम' या गटाने २०१३ पासून विद्यार्थ्यांना फेसबुकवर एकत्र आणून तिच्या प्रतिमांमध्ये वेगळ्या दीर्घिका शोधायला शिकवलं. त्यातून निघालेले शोध नामांकित नियतकालिकांत छापून आले.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं तर?

लोक 'भारी' म्हणतील, पण नोंद होणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ठिकाणाची माहिती गळून जाते. चार फॉरवर्डनंतर तो डहाणूचा की दापोलीचा, हेही कळत नाही. म्हणून मूळ फोटो जपा.

मर्यादाही आहेत

नकाशावर जागा रिकामी दिसली म्हणजे तिथे काही जगत नाही, असं नव्हे. तिथून कुणी फोटो टाकला नाही, एवढाच त्याचा अर्थ. शहरात फोन आणि हौशी मंडळी जास्त, म्हणून नोंदीही जास्त. काही जाती फोटोवरून ओळखताच येत नाहीत. शिवाय अशा नोंदी शास्त्रीय सर्वेक्षणाची जागा घेत नाहीत. कुठे बघायला हवं, ते दाखवतात.

सुरुवात कशी कराल?

• ओहोटीची वेळ बघूनच जा, एकटे जाऊ नका.
• एकाच जिवाचे दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. शेजारी नाणं ठेवलं तर आकार कळतो.
• जिवाला हात लावू नका. दगड उलटवलाच तर परत तसाच ठेवा.
• फोनचं लोकेशन चालू ठेवा. घराजवळचा फोटो असेल तर अ‍ॅपमध्ये ठिकाण धूसर करता येतं.
• घरात मासेमारी करणारं, कालवं काढणारं कुणी असेल तर स्थानिक नाव विचारून नोंदीत लिहा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. निवटी कुठल्या चिखलात सापडते, कालवं कुठल्या खडकाला धरतात, हे डहाणूच्या मच्छीमार आणि आदिवासी घरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण ते तोंडी आहे. उद्या भराव पडल्यावर 'इथे आधी काय होतं?' असं कुणी विचारलं, तर दाखवायला तारीख आणि ठिकाण असलेला फोटो लागेल. तो भरावाच्या आधीच काढलेला असायला हवा.