छंद, पदवी आणि चाकरी

चोर्ला घाटातून उतरणाऱ्या भाजीच्या मालमोटारी एक दिवस अडल्या की पणजी-म्हापशाच्या बाजारात भाव चढतात, इतका आमचा आणि बेळगावचा घरोबा जुना आहे. मुक्तिलढ्याच्या दिवसांत गोमंतकीय कार्यकर्त्यांना ज्या गावांनी आसरा दिला, त्यांतही बेळगावचे नाव अग्रभागी येते. तेव्हा त्या सीमाभागातील तरुणांच्या पोटापाण्याचा प्रश्न आम्हांस परका वाटण्याचे कारण नाही. त्यांपैकी एका लहानशा पण बोलक्या प्रश्नाचा आज विचार करावयाचा आहे. निपाणीसारख्या गावात घरच्या जुन्या संगणकावर रात्री जागून जो लिनक्स शिकला, ज्याच्यापाशी या विषयाची पदवी नाही आणि कोणत्या कचेरीतील अनुभवाचा दाखलाही नाही, त्याला सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरच्या जागेवर कोणी घेईल काय?

गंमत अशी की, लिनक्सचा जन्मच छंदातून झाला. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक प्रणाली रचीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा निव्वळ छंद आहे असे त्याने स्वतःच सांगून टाकले होते. आज जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणक याच प्रणालीवर चालतात आणि आपल्या खिशातील ॲन्ड्रॉइड फोनच्या गाभ्याशीही तीच असते. जी वस्तू छंदिष्टाने घडविली, तिची राखण करावयास मात्र छंदिष्ट चालत नाही, हा न्याय अजब खरा.

सीमाभागात या अजब न्यायाला आणखी एक धार आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने बेळगाव-निपाणी कर्नाटकात गेले, १९६७ च्या महाजन अहवालाने जखम बुजली नाही, आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात लावलेल्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. दरम्यान मुले मोठी होतात आणि त्यांना नोकरी हवी असते. राज्य सरकारच्या चाकरीचा दरवाजा कन्नडच्या परीक्षेतून जातो. जुलै २०२४ मध्ये तर खाजगी उद्योगांतही व्यवस्थापनाच्या निम्म्या आणि इतर ७० टक्के जागा स्थानिकांसाठी राखण्याच्या विधेयकास कर्नाटक मंत्रिमंडळाने संमती दिली होती. आणि स्थानिक ठरण्यासाठी कन्नडच्या ज्ञानाचीही अट त्यात होती. बंगळूरच्या उद्योजकांनी ओरड करताच ते बासनात गेले, ही गोष्ट निराळी. अशा स्थितीत जे यंत्र उमेदवाराची मातृभाषा विचारीत नाही, त्याच्याकडे मराठी मुलाचे मन ओढले गेले तर नवल कसले?

परंतु यंत्र विचारीत नसले तरी मालक विचारतो, आणि मालकाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. घरचा संगणक बिघडला तर मुलगा हार्ड डिस्क पुसून सारे पुन्हा बसवितो. नुकसान होते ते एका रात्रीच्या झोपेचे. कारखान्याचा सर्व्हर बंद पडला तर पगार थांबतात, गाड्या भरल्या जात नाहीत, आणि तेथे काही पुसून टाकण्याची मुभा कोणालाच नसते. बॅकअप घेणे निराळे आणि तो परत उतरवून सारे जसेच्या तसे उभे राहते की नाही हे पाहणे निराळे. लॉग वाचून दोष कोठे आहे ते शोधणे, कोणाला कोणती फाइल उघडता येईल याची शिस्त राखणे, केलेला प्रत्येक बदल लिहून ठेवणे, हे या धंद्याचे खरे पोट आहे. छंदिष्टाचे ज्ञान अनेकदा पदवीधराहून अधिक असते, याविषयी आम्हांस शंका नाही. त्याच्यापाशी नसते ते एवढेच की, त्याच्या चुकीने आजवर दुसऱ्या कोणाचे काम अडलेले नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, या मुलाने आणखी एखादा अभ्यासक्रम शोधण्याआधी आपल्यावर विसंबणारा कोणीतरी शोधावा. बेळगावच्या उद्यमबागेत लहान कारखाने आहेत, गावोगावी पतसंस्था आहेत, शाळा आणि वाचनालये आहेत. त्यांतील कित्येकांचा संगणक 'तो एक ओळखीचा येतो' त्याच्या भरवशावर चाललेला असतो. पतसंस्थेच्या खातेवहीला पहिल्याच दिवशी हात लावू नये, हे सांगावयास नकोच. शाळेच्या फाइली एका ठिकाणी साठविण्याची सोय, रोजचा बॅकअप, वाचनालयाची सूची अशा कामापासून आरंभ करावा. परवानगी लेखी घ्यावी, आणि काय बिघडले, कसे सापडले, किती वेळ लागला, याची वही ठेवावी. सहा महिन्यांनी मुलाखतीत ती वही उघडता आली, तर 'अनुभव' या रकान्यात लिहिण्याजोगे काही नाही असे कोण म्हणेल? या शतकाच्या आरंभी गोव्यातील काही शाळांत परदेशस्थ गोमंतकीयांच्या साहाय्याने जुने संगणक आणून लिनक्सवर चालविण्याचा उपक्रम झाला होता. केरळने तर आपल्या सरकारी शाळा याच प्रणालीवर आणल्या आणि शिक्षकांनाच तिचे कारभारी केले. तेथे कोणी जन्मतः तज्ज्ञ नव्हते.

परीक्षांपैकी रेड हॅटची आरएचसीएसए आणि लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएस या दोन्ही प्रात्यक्षिक आहेत. यंत्रासमोर बसवून काम करावयास लावतात आणि त्यांना बसण्यासाठी पदवी मागत नाहीत. पदवी नसलेल्यास त्यांचा उपयोग होतो. मात्र हमखास नोकरीचे आमिष दाखवून गलेलठ्ठ शुल्क घेणाऱ्या शिकवण्यांपासून पालकांनी दूर राहावे. पहिली जागा बहुधा रात्रपाळीची, तक्रारी ऐकण्याची आणि तुटपुंज्या पगाराची मिळेल. तीही पुणे, बंगळूर वा हुबळीस. शिवाय स्वतःच्या खोलीत सर्व्हर ठेवणाऱ्या कचेऱ्या कमी होत असून ते काम भाड्याच्या क्लाउडवर गेले आहे. जाहिरातींत डॉकर, अॅन्सिबल ही नावे आढळतात. लिनक्स त्या सर्वांखाली आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही.

छंदिष्टाची नजर किती मोलाची असते याचा दाखला मार्च २०२४ मध्ये जगाला मिळाला. ॲन्ड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानात आले की, दुसऱ्या यंत्रात शिरावयास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. दुसरा कोणी असता तर चहा पिऊन विसरला असता. हा त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि एक्सझेड नावाच्या, एकट्या माणसाने फुकट सांभाळलेल्या प्रणालीत कोणीतरी चोरदरवाजा बसविल्याचे उघडकीस आले. हा चौकसपणा कोणत्या पदवीच्या कागदावर लिहिलेला असतो?

आता कन्नडविषयी, आणि हे आमच्या सीमाभागातील मित्रांना कदाचित रुचणार नाही. दाव्याचा न्याय आपल्या बाजूस आहे असे मानणाऱ्याने कन्नड शिकल्याने तो दावा तसूभरही उणा होत नाही. हुबळीच्या कचेरीत मध्यरात्री फोन करणारा कारकून कन्नडातच बोलणार आणि त्याचे अडलेले काम सोडविणाऱ्या निपाणीच्या मुलाला त्याच भाषेत उत्तर देता आले पाहिजे. इंग्रजी तर लागतेच, कारण या प्रणालीची सारी माहितीपुस्तके त्या भाषेत आहेत. मराठीतून असे एखादे चांगले पुस्तक सिद्ध करण्याचे काम सीमाभागातील मराठी संस्थांनी हाती घ्यावे, आणि कपाटात धूळ खात पडलेले दोन-चार जुने संगणक त्याच मुलांच्या स्वाधीन करावेत. त्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.